आभार कापू नका

शर्टाच्या कॉलरला लावायचा चिमुकला माइक काशिनाथभाऊ इंगळ्यांनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो त्यांनी चिमटीत धरून तोंडासमोर आणला, नखाने टकटक केली, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि विचारलं, "मागंपर्यंत ऐकू येऊन राह्यलं का?" मागे फक्त भिंत होती. वर्गात आम्ही चौघंच होतो आणि ज्यांच्यासाठी व्हिडिओ काढायचा ती मुलं लांब सोनाळ्याला होती. पण भाऊंना उत्तर मिळाल्याशिवाय पुढे बोलता येत नसे, म्हणून मीच मागे जाऊन "येतंय, येतंय" म्हटलं.

भाऊ मोताळ्याच्या आमच्या शाळेत हेडक्लार्क होते. ही त्यांची पोटापाण्याची ओळख. खरी ओळख सूत्रसंचालकाची. बारशापासून तेरवीपर्यंत आणि पाणपोईच्या उद्घाटनापासून बैलांच्या प्रदर्शनापर्यंत, तालुक्यात जिथे माइक तिथे भाऊ. एरवी पक्कं वऱ्हाडी बोलणारा हा माणूस माइक हातात आला की 'या सुवर्णक्षणाचे साक्षीदार' वगैरे बोलू लागायचा. खुद्द त्यांच्या बायकोलाही तेव्हा ते परके वाटत असावेत.

व्हिडिओचं खूळ तायडे मॅडमचं. त्या आमच्या गणिताच्या शिक्षिका, माहेर सोनाळ्याचं. तिथल्या शाळेतले गणिताचे सर बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. तिथेच राहणाऱ्या बहिणीच्या मुलीचं, भाचीचं, दहावीचं वर्ष. तिने फोनवर विचारलं, "मावशी, आमाले आता गणित कोन शिकवन?" मॅडमनी ठरवलं की आपण शिकवायचं, ऑनलाइन, आणि चांगलं शिकवायचं. बोरसे सरांकडे बरा फोन होता आणि व्हिडिओ कापण्या-जोडण्याची विद्या होती, म्हणून त्यांना घेतलं. मी मराठीचा, म्हणून भाषा तपासायला मला घेतलं. भाऊंना कोणी घेतलं नव्हतं. ते आले.

आल्या आल्या म्हणाले, "चॅनल काढाचं म्हंजे आधी कार्यकारिणी पायजे." चहा संपेपर्यंत मी उपाध्यक्ष झालो होतो. अजून आहे.

पहिला धडा त्रिकोणमितीचा. भाऊंनी दीपप्रज्वलन केलं. मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मॅडम चिडल्या होत्या, पण नारळ हातात आल्यावर माणूस काय करणार? मग भाऊंनी आभार मानायला घेतले. ज्याची वायर आणली त्याचे, ज्याची खुर्ची आणली त्याचे, खुर्ची ज्याच्या हातगाडीवरून आली त्याचे. फळ्यावर पहिला त्रिकोण उमटेपर्यंत पाहणारे बहुतेक झोपी गेले असावेत. भाचीचा फोन आला, "मावशी, नारळ दिसला. गणित कुठं हाय?"

मॅडमनी भाऊंना स्पष्टच सांगितलं, "पोरांची परीक्षा आहे भाऊ, तुमचा कार्यक्रम नाही."

भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, चार जनानं मिळून काम कराचं म्हंजे काय? कोनालेच वाईट नाई वाटलं पायजे." हे त्यांचं आवडतं वाक्य. शाळेत पगारपत्रकापासून सहलीच्या बसमधल्या खिडकीपर्यंत प्रत्येक भांडणात ते हेच म्हणत आणि भांडण वाढवून ठेवत.

पुढच्या धड्याला बोरसे सरांनी कोणाला न सांगता भाऊंना कापलं. दिवा नाही, नारळ नाही, आभार नाहीत. नुसतं गणित. आम्ही तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली. बोरसे तर दिवसभर 'क्वालिटी, क्वालिटी' करत फिरत होते. भाऊंनी ऑफिसात बसून तो व्हिडिओ पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग आमच्याकडे आले.

"माहं कापलं, चाललं," ते म्हणाले. "पन जगन्नाथले काऊन कापलं?"

जगन्नाथ म्हणजे शाळेच्या भिंतीपलीकडचा पिठाच्या गिरणीवाला. त्याचा गणिताशी काय संबंध, हे आम्हाला कळलं नाही. पुढच्या रविवारी कळायला लागलं. मॅडमनी तोंड उघडलं आणि गिरणी सुरू झाली. गिरणी थांबली तर शेजारच्या शेवंताबाईंचं कुत्रं. कुत्रं दमलं तर रफिकभाईंच्या गाडीवरचा भंगाराचा भोंगा. बोरसेंनी भिंतीला गाद्या टेकवल्या. आवाज गाळायचं कसलंसं तंत्र वापरलं, तेव्हा गिरणी गेली खरी, पण सोबत मॅडमचा आवाजही गेला. उरला तो विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. दोन रविवार असे वाया गेले. परीक्षा जवळ आली होती आणि भाचीचा रोज फोन.

शेवटी उपाध्यक्ष या नात्याने मी गिरणीत गेलो. तासभर बंद ठेवता का, म्हटलं.

"काऊन ठेवू, सर?" जगन्नाथ पीठ झटकत म्हणाला. "आधी ठेवली होती का नाई? भाऊनं सांगतलं होतं, नाव येईन म्हनून. म्या साऱ्या सोयऱ्याईले फोन केले. सारे पाहाले बसले. कुठं आलं नाव?"

म्हणजे पहिले दोन धडे स्वच्छ ऐकू आले ते बोरसेंच्या माइकमुळे नव्हे. भाऊ आदल्या दिवशी घरोघर फिरून शांतता मागून आणत होते आणि बदल्यात फक्त नाव देत होते. मला त्या दिवशी भाऊंचं फार अप्रूप वाटलं. रागही आला, कारण हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर गाद्या वाहाव्या लागल्या नसत्या.

मॅडम स्वतः भाऊंकडे गेल्या. तह झाला. आधी गणित, आभार शेवटी. भाऊंची अट एकच होती, "पन येकही नाव कापाचं नाई."

पुढच्या रविवारी फळ्यावर खडू घासल्याचा आवाजही नीट आला. शेवटी भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "आपली गिरणी बंद ठेवून त्रिकोणमितीस मोलाची साथ देणारे जगन्नाथभाऊ, तसेच आपल्या श्वानास घरात कोंडून विद्यार्थ्यांचे भवितव्य उजळवणाऱ्या शेवंताबाई..." आभार धड्याहून लांबले. व्हिडिओखाली सोनाळ्याच्या मुलांनी लिहिलं होतं, 'सर, आभार कापू नका.' काही मुलं फक्त तेवढंच पाहत असावीत असा माझा दाट संशय आहे. भाची मात्र गणितात चांगली पास झाली, आणि भाऊंनी त्याबद्दल कुत्र्याचेही जाहीर आभार मानले.

यंदा भाऊ गेले. ऑफिसातच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. शाळेत शोकसभा ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं की सूत्रसंचालन करायला माणूसच नाही. आजवरच्या साऱ्या शोकसभा भाऊंनीच चालवल्या होत्या. माइक टेबलावर पडून होता. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते, मी बोरसेंकडे. कोणी उठेना. त्या शांततेत जाणवलं की भिंतीपलीकडे गिरणीचा आवाज नाही. गिरणी बंद ठेवा असं जगन्नाथला कोणी सांगितलं नव्हतं. तो केसांतल्या पिठासकट दारात उभा होता, शेजारी शेवंताबाई होत्या.

मग तायडे मॅडम उठल्या. "भाऊंनी सगळ्यांचे आभार मानले," त्या म्हणाल्या, "त्यांचे मानायचे राहून गेले." आवाज इतका बारीक होता की आम्हा पुढच्यांनाच ऐकू आला. त्यांनी डोळे पुसले, माइक उचलला, नखाने टकटक केली आणि दाराकडे बघून विचारलं, "मागंपर्यंत ऐकू येऊन राह्यलं का?"

"हाव, मॅडम," दारातून जगन्नाथ म्हणाला. "येऊन राह्यलं. बोला तुमी."