कोळारच्या शेडमधली काच

बस बीदरमध्ये शिरण्याआधीच मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की या मुलीने आकडे घरी बसून बनवलेत. महादेवीच्या पीएचडीच्या प्रबंधाचा मी पुण्याचा परीक्षक. वीज गेली तरी चालू-बंद लक्षात ठेवणारे ऑक्साइडचे पातळ थर तिने केले होते, तेही माझ्या महागड्या यंत्रांना जमू नयेत इतके चांगले. मी नाही म्हटलं, की तिची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती.

बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका शेडचा कोपरा, हीच तिची प्रयोगशाळा. तापलेल्या पत्र्यावरच्या काचेवर ती जस्ताच्या क्षाराचं पाणी फवारत होती, डोशाआधी तव्यावर शिंपडतात तसं.

"रोज असंच जमतं?" मी खवचटपणे विचारलं.

"रोज न्हाई जमत, सर."

थरावर चांदीचे पाच ठिपके दिलेली एक तयार काच मी उचलली. महादेवीला बाहेर उभं केलं आणि वीज देऊन काही ठिपके चालू, काही बंद करून ठेवले. दुपारभर त्यांनी ते लक्षात ठेवायचं होतं. काच डबीत घालून मी खिशात टाकली. तिने दुबलगुंडी गावी घरी जेवायला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. काच शेडपासून जितकी लांब तितकी बरी.

तिच्या आप्पांनी (वडिलांनी) ज्वारीची भाकरी आणि पुंडीपल्ले (अंबाडीची भाजी) वाढली. माझा डावा हात खिशावरच होता.

"खिशात काय हाय, साहेब?"

"तुमच्या मुलीचं काम."

"मग दडवायलाव कामून? पोरगी खोटं बोलायलीय का?"

"संध्याकाळी कळेल," मी म्हणालो. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

शेडमध्ये परतून माझ्याच मीटरने तपासलं. पाचही ठिपके बरोबर! मला लाज वाटली. मी अहवालावर सही करायला पेन काढलं, तर महादेवीने कागदावर हात ठेवला.

"थांबा सर. सगळे परत बघा."

चालू केलेला पाचवा ठिपका आता बंद होता.

"एकदा वाचलं की काही ठिपके विसरायलेत. प्रबंध दिल्यावर कळालं मला. आधी ते लिवा, मग सही करा."

संशय घ्यायला मी इतक्या लांब आलो आणि आकडे जुळताच तो सोडूनही दिला. तिने मात्र स्वतःच्या कामावरचा सोडला नव्हता. तिने सांगितलं ते मी लिहिलं, प्रबंध मान्य केला आणि काच तिला परत दिली.

परतीच्या वाटेवर, दुबलगुंडीजवळच्या हुमनाबादच्या बसस्टँडवर आप्पा भुईमुगाच्या शेंगा घेऊन खिडकीशी आले.

"काय कळालं, साहेब?"

"खरं बोलते ती."

"व्हय की. जेवताना इचारला असताव तर म्याच सांगितलो असतो."

बस हलली. शेंगा घ्यायला दोन्ही हात पुढे करायला गेलो, तेव्हा लक्षात आलं, डावा अजून रिकाम्या खिशावरच होता.