चाचीनं अर्धा ठेवलेला चुडा

त्या नवरात्रात माझं देवीशी भांडण झालं. आता हसू येतं, पण तेव्हा मी तिला चांगलंच सुनावलं होतं. तूच मला असं घडवलंस, वर तुझ्याच दारात मार खायला लावलास, मग तुला आई कशाला म्हणायचं?

खुटबावचं घर सुटल्यापासून मी शिरूरला खोली घेऊन राहते, मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. जन्मले मुलगा म्हणून, पण मी बाई आहे. हे मला कळत्या वयापासून ठाऊक आहे, लोकांना अजून पटायचंय. त्या दिवशी देवळात ओटी भरायला रांगेत उभी होते. काही टगे आले, "बायकांच्या रांगेत हे काय घुसलंय?" म्हणत मला बाहेर ओढलं, मारलं, उजवा हात पिरगाळून बांगड्या फोडल्या. रांगेतलं कुणी मधे पडलं नाही. ओटीचा नारळ पायऱ्यांवरून गडगडत गेला, तो मात्र एकीनं धावत जाऊन उचलला.

नंतर ना झोप, ना जेवण. दवाखान्यात जावं, तर मागे झोप येत नाही म्हणून गेले तेव्हा डॉक्टरांनी "आधी हे सोंग सोड" सांगून वाटेला लावलं होतं. मग ठरवलं, आता जगायचं नाही. एकच हट्ट उरला होता. जाताना हातात हिरवा चुडा हवा, म्हणजे मेल्यावर तरी मला कुणी बाप्या म्हणून उचलणार नाही.

बाजारात मणियारांची चाची बांगड्या भरते. मी कधी तिच्यापुढं बसले नव्हते. लाजेनं बांगड्या विकत आणून घरीच चढवायचे. त्या दिवशी बसले. तिनं डावा हात धरला.

"सैल सोड बेटी. मूठ आवळली की काच फुटती."

डावा हात भरला. उजवा पाहिला तर मनगट टम्म सुजलेलं.

"राहू द्या चाची, एकाच हाताचं चालेल."

"चालंल?" ती भडकलीच. "चुडा अर्धा ठिवून मी कुनाला उठू देत न्हाई. आज तुझी सूज हाय म्हनून. उतरली की यायचं, तवर तू माझी बांधील. कुठंबी जायचं न्हाई, सांगून ठिवते!"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, देवी जाणे. मी तिथंच हमसून रडले.

चाचीनं दुकानावर कापड टाकलं आणि मला दवाखान्यात नेलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पुरुषांची रांग तिकडं." चाची म्हणाली, "लेक हाय माझी. हितंच उभी ऱ्हाईल." आणि मी उभी राहिले. आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला काय नावानं हाक मारू?" मी माझं नाव सांगितलं. मग त्यांनी सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? हो म्हणाले, पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांच्याकडं मी अजून जाते. पोलिसांत तक्रार दिली, तेव्हाही चाची शेजारी बसली होती.

सूज उतरल्यावर उजवा हात भरून घेतला, रीतीप्रमाणे चाचीच्या पाया पडले आणि तशीच देवळात गेले. पारावर त्या टग्यांतलाच एक बसला होता.

"परत आलास व्हय?"

"आले. आन् दर मंगळवारी येनार."

दोन्ही हातांतला चुडा वाजवत पायऱ्या चढले, देवीची ओटी भरली. आई, तू माझ्या हाकेला आलीस, मणियारांच्या घरातून आलीस. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मला वाटायचं. तसं नाही. जो हात भरतो, त्याच्यापुढं हात सैल सोडावा. पिरगाळणाऱ्यापुढं मी मूठ आवळणार. काच फुटली तर फुटू दे, चाची पुन्हा भरून देते.