केशर घातलेलं दूध

केशर घरच्या स्वयंपाकात घालावं का, परवडतं का, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात केशर चवीसाठी आलंच नव्हतं. ते आलं होतं वडिलांच्या ऑफिसातल्या दोन साहेबांसाठी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दौंडला राहायचो. आम्ही बौद्ध, त्यामुळे बुद्धपौर्णिमेला आई तांदळाची खीर करायची. दिवाळीला त्या दोघांच्या घरचा फराळ आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो चाटूनपुसून खायचो. म्हणून वडिलांनी त्यांना खिरीला बोलावलं आणि पुण्याहून केशराची डबी आणली. आईनं केशर कोमट दुधात भिजवून खिरीत घातलं. दोघांनी वाट्या हातात घेतल्या, "वा, केशर," म्हणाले आणि वाट्या तशाच खाली ठेवल्या. म्हणे, आज पौर्णिमेचा उपवास. वडील आपले हसत "असू द्या, असू द्या" करत राहिले. मला त्यांचाही राग आला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "माझंच चुकलं. उपासाला तांदूळ चालत न्हाई, दूध चालतं."

वर्षभर तिनं ती डबी जपली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला सकाळपासून दूध आटवलं, उरलंसुरलं सगळं केशर त्यात घातलं, ठेवणीतले पेले काढले. दोघं आले. या खेपेला एकाला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि दुसऱ्याचं पोट बिघडलं होतं.

थोड्या वेळानं मी वही आणायला बाजारात गेले, तर दोघं हलवायाच्या दुकानापुढे उभे राहून जिलबी खात होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गोडही चालत होतं, पोटही ठणठणीत होतं. आमच्या घरचं तेवढं चालत नव्हतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कुणी तोंडही न लावलेले पेले ती आमच्यापुढे सरकवत होती. केशर जास्त झाल्यानं दूध कडवट लागत होतं.

"आई, आता पुन्यांदा केशर आणायचं न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई आणायचं," ती म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेला नुसतं पाणी ठिवू. त्याला काय म्हणत्यात बघू."