बिबवेवाडीचा बर्फतज्ज्ञ

हसणार नसाल तर सांगतो. अमेरिकेतल्या एका गावाचा बर्फ मी पुण्यातल्या बिबवेवाडीच्या अनुभवावर काढायला गेलो होतो.

पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांचे दिवस नुकतेच आले होते. आमच्या कंपनीला तिकडच्या एका नगरपालिकेचं काम मिळालं. तिथे मोठ्या रस्त्यांवरचा बर्फ वेळेवर निघायचा, पण गल्ल्यांमधले लोक घरातच अडकून पडायचे. बर्फ ढकलणारा ट्रक कुठल्या गल्लीत आधी पाठवायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा होता. जमला, तर तो बसवायला अमेरिकेला जायचं. घरी तेवढ्यावर स्वेटर आणून झाला होता.

तिथल्या अधिकारी डोनाबाई रोज संध्याकाळी फोनवर असायच्या. एकदा सहज म्हणाल्या, "तुमच्या गल्लीतही हा त्रास आहे का?"

आता माझी गल्ली उताराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात तिचं तळं होतं. मला वाटलं, बाई आपुलकीने त्याचीच चौकशी करतायत.

"दरवर्षी," मी म्हणालो. "गुडघाभर साचतं."

"अरे देवा. मग काय करता?"

"काही नाही. दोन तासांत निघून जातं."

"दोन तासांत? कुठे?"

"खाली, ओढ्यात."

इंग्रजीत बर्फही 'इट' आणि पाणीही 'इट'. दोष त्या भाषेचा, दुसरं काय?

डोनाबाई भारावल्या. त्यांनी माझ्या साहेबीणबाईंना, म्हणजे लेले मॅडमना, तसं कळवलं. मॅडम मला म्हणाल्या, "वाघमारे, आपल्याला बर्फातलं कळतं, हे आपण कधी बोलला नाहीत." मी नुसता हसलो. तिथेच नडलं.

मग मी नियम घातला: सखल गल्ल्या आधी, चढावरच्या शेवटी. साचतं ते खालीच ना? तिकडच्या एका ड्रायव्हरने शंका काढली, तर डोनाबाईंनीच त्याला गप्प केलं. "पुण्यात दोन तासांत काढतात," म्हणे.

डिसेंबरात बर्फ पडला आणि प्रोग्रॅमची पहिली चाचणी पुण्यातूनच सुरू झाली. ट्रक नदीकाठच्या सपाट गल्ल्या दोन-दोनदा साफ करत बसले आणि टेकडीवरचा बर्फ पडला तिथेच राहिला. तो वाहून खाली येत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डोनाबाईंचं घर नेमकं टेकडीवर. त्या दिवशी बाई ऑफिसात पोचल्या, पण अर्धा उतार बसून.

क्रम उलटा करायला मला पाच मिनिटं लागली. दुपारपर्यंत टेकडी मोकळीही झाली. पण त्याआधी बाईंचा जो फोन आला, तो आमच्या अख्ख्या ऑफिसने ऐकला.

"मिस्टर वाघमारे, तुम्ही बर्फ पाहिलाय का?"

लेले मॅडम समोरच उभ्या. खोटं बोलवेना.

"पाहिलाय. आमच्या फ्रीजमध्ये."

मग बाईंनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "तो कसा काढता?"

"मी नाही काढत. बायको काढते."

"मग असं करा," डोनाबाई म्हणाल्या, "इकडे त्यांनाच पाठवा."