आंघोळ झाली, डुबकी नाही

वर्दी उतरवून आता काही वर्षं झाली, पण एक जबाब मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. कारण तो मी चुकीचा लिहिला होता. नावं कुणाची सांगत नाही, माणसं अजून याच उपनगरात राहतात.

तेव्हा मी अंधेरीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झालेली मी. पंचनामा, स्टेशन डायरी, कलमं, सगळं दुसऱ्यांचं बघून बघून शिकले. त्यामुळे असेल, पण माझ्या शुद्ध मराठीचा मला जरा जास्तच अभिमान. वरिष्ठही म्हणायचे, जबाब घ्यावा तर बाईंनी.

एके सकाळी जोगेश्वरीत थिनरचे लोखंडी ड्रम नेणाऱ्या टेम्पोने पेट घेतला. आग मागच्या बाजूलाच विझली, पण मागे बसलेल्या माथाडी कामगाराचे दोन्ही हात भाजले. केबिनमध्ये विड्यांचं बंडल सापडलं. झालं! सगळ्यांना कारण मिळालं, मलाही.

ड्रायव्हर मूळचा मालवणकडचा, दहिसरला चाळीत राहणारा, पन्नाशीचा. त्याचा जबाब मीच लिहून घेतला, त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला, लायसन्स जमा केलं. दर सोमवारी तो हजेरीला यायचा, बाकावर चपला काढून बसायचा. शिक्षा झाली असती तर पुन्हा स्टिअरिंगला हात लागला नसता, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

ड्रम आले होते अंधेरीतल्याच एका गाळ्यातून. तिथे जुने ड्रम धुऊन, ठोकून, रंगवून पुन्हा माल भरायला देत. मी तिथल्या तीन कामगारांचे जबाब घेतले. ड्रम तपासले होते का, असं विचारलं. तिघेही म्हणाले, "हो मॅडम, आंघोळ झाली होती." मला हसू आलं. असं कसं लिहायचं सरकारी कागदावर? मी छान अक्षरात लिहिलं, 'सदर ड्रमची चाचणी झालेली होती.' गाळ्याच्या मालकाने, शेठने, वर सर्टिफिकेट जोडलं. दोषारोपपत्र तयार होत आलं.

मग एका दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे दिला. बाईचा आवाज होता, मागे लोखंड ठोकल्याचा दणदणाट. म्हणाली, "मॅडम, आंघोळ झाली, पण डुबकी नाही झाली. शेठला डुबकीचं विचारा." आणि फोन ठेवला.

मी त्या तिघांचे जबाब काढून पुन्हा वाचले. आंघोळ म्हणजे चाचणी, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मीच ठरवलं होतं.

सर्टिफिकेट घेऊन प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, बाई, कागद खरा आहे, पण वेगळ्या परीक्षेचा. नवा ड्रम बनवताना काही नमुने भरून उंचावरून पाडून बघतात, एकावर एक रचून बघतात, त्याचा हा कागद. जुना ड्रम पुन्हा असा माल भरायला द्यायचा तर एकेक ड्रमची गळती तपासावी लागते. आत हवा भरायची, पाण्याखाली धरायचा, बुडबुडा आला की बाद. नमुना चालत नाही, एकही ड्रम सोडायचा नाही.

शेठना ठाण्यात बोलावलं. माणूस गोड बोलणारा. "मॅडम, सर्टिफिकेट दिलंय ना? आमचा ड्रम चार फुटांवरून टाका, काय होत नाय त्याला. तो विडीवाला आहे, त्याला विचारा ना."

मी चहा मागवला. घरची चौकशी केली, धंद्याची केली. आरडाओरडा केला की माणूस बंद होतो, हा माझा अनुभव. चहा संपत आल्यावर सहज विचारलं, "शेठ, त्या लॉटला डुबकी कधी दिली?"

त्यांनी कप खाली ठेवला. हा शब्द गाळ्याबाहेर कुणाला माहीत नसायचा. "ते... मुकादम बघतो," एवढंच म्हणाले. गोडवा गेला होता.

त्याच दिवशी दोन पंच आणि ते तज्ज्ञ घेऊन गाळ्यावर गेले. डुबकीची टाकी कोपऱ्यात होती. तिच्यावर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर कामगारांचे जेवणाचे डबे. आत कोरडी खटखटीत, तळाला जुनी झाकणं. ड्रम धुणाऱ्या एका मावशीने न विचारता सांगितलं, "दिवाळीपासून पाणी नाय बघितलं हिने." आवाज मी ओळखला, पण ओळख दाखवली नाही.

टाकी भरून घेतली. त्याच लॉटचे, 'तपासले' असा शिक्का मारलेले सहा ड्रम रांगेत उभे होते. एकेकात हवा भरून बुडवला. पहिले दोन ठीक. तिसऱ्याच्या तळाच्या शिवणीतून बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. पाचव्यातूनही. पंचनाम्यात मी आंघोळ आणि डुबकी दोन्ही शब्द जसेच्या तसे लिहिले, कंसात अर्थ दिला: आंघोळ म्हणजे नुसतं धुणं, डुबकी म्हणजे पाण्याखाली गळती तपासणं.

पुढे अहवालही तोच आला. थिनर शिवणीतून गळून तापलेल्या सायलेन्सरवर पडलं होतं. आरोपी बदलले. माथाडी कामगाराचे हात वाचले, पण एक मूठ पुरती वळत नाही, हेही लिहायला हवं.

पोलिसात नव्याने भरती झालेल्या मुलींना मी आता सांगते, चोर शोधायला डोकं लागतं, पण आधी कान लागतात. समोरच्याचा शब्द आपल्याला गावठी वाटला म्हणून सुधारू नका. त्याच शब्दात गुन्हा लपलेला असतो.

अहवाल आल्यानंतरच्या सोमवारी ड्रायव्हर हजेरीला आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली. सांगितलं, लायसन्स परत मिळेल, आणि चूक माझी होती. तो खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मॅडमानू, माझो जबाब परत एकदा लिवून घेवा. गेल्या टायमाक तुम्ही लिवलात, विडीची सवय आसा. मी तेवढाच नाय बोललंय. आता मी सांगतंय तसाच लिवा."

मी कोरा कागद घेतला. त्याने सांगितलं, मी लिहिलं, 'मी विडी ओढतंय, पण माल भरलेलो आसताना कधी ओढूक नाय.'

वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि सही केली.