मॅडमच्या ओळीखालची ओळ

गेले चार दिवस मुंगी फोन पहिल्याच रिंगला उचलत होती आणि आईच्या जिवाला नेमका त्याचाच घोर लागला होता. एरवी या मुलीचा फोन लागणं म्हणजे कर्मकठीण. तीन-तीनदा वाजून बंद पडायचा, मग तासाभरानं निरोप यायचा, "कामात होते गं, बोल." आता रिंग पुरी व्हायच्या आत "हं, आई." जेवलीस का? हो. काय जेवलीस? जेवले गं. पुढे काही नाही. जिच्या हाताला काम असतं, ती फोन असा उचलत नाही. रविवारी सकाळपासून आईनं चारदा फोन केला, चारही वेळा तेच झालं, तेव्हा पाचव्यांदा करायची तिला हिंमत होईना.

"पोरगी फोन उचलते, याचं कोणाला दुःख होतं का?" बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं."

कळणार कसं? मुंगी अशी का झाली आहे, हे फक्त तिघींना ठाऊक होतं. मुंगीला, आईला आणि मॅडमना. त्यातही मॅडमना ठाऊक असावं, हे आईला सगळ्यात जास्त सलत होतं.

मुंगी हे नाव बाबांनी ठेवलेलं. जीव एवढासा, पण कायम काहीतरी ओढत चाललेली. सहा वर्षांची असताना आईबरोबर टपालपेटीपाशी गेली, की पत्र टाकल्यावर पेटीच्या पत्र्याला कान लावून उभी राहायची. पत्र पडल्याचा आवाज आला तरच हलायची. "पण त्यांना मिळालं हे आपल्याला कसं कळणार?" असं विचारून घरापर्यंत आईचं डोकं खायची. मोठेपणी ती त्याच प्रश्नावर पोट भरू लागली. संस्थांचे ईमेल समोरच्याच्या पेटीत नीट पडावेत अशी व्यवस्था लावून द्यायची, हे तिचं काम. संस्थेच्या नावानं पत्र पाठवायचा हक्क कोणाकोणाला आहे, याची यादी डीएनएस नावाच्या जाहीर नोंदवहीत लावून ठेवायची. पत्र घेणारा ती यादी बघतो. नाव सापडलं तर पत्र आत, नाहीतर स्पॅमच्या उकिरड्यावर. मग पत्रावर मोहोर उठवायची नोंद, तोतया पत्र आलं तर त्याचं काय करायचं याची नोंद.

"म्हणजे पोस्टमनच की," बाबा म्हणायचे, "फक्त सायकल नाही."

तिची तपासायचीही एक रीत होती. निरनिराळ्या कंपन्यांच्या सात पेट्या तिनं उघडून ठेवल्या होत्या, कोणाशी ओळख ना पाळख अशा. नोंद केली की त्या सातही पेट्यांवर ती "नमस्कार, पोचले का?" एवढंच पत्र धाडायची आणि एकेक उघडून बघायची. सातही ठिकाणी पोचलं, की मगच "झालं" हा शब्द तिच्या तोंडून निघायचा.

ही शिस्त मॅडमची.

मॅडमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. मुंगी शिक्षण संपवून तिथे गेली आणि सहा वर्षं राहिली. या सहा वर्षांत आईच्या घरात मॅडम न येताच राहायला आल्या. एका जेवणात "मॅडम म्हणतात" अकरा वेळा. आईनं मोजलं होतं. बारा वर्षं आई कानीकपाळी ओरडली, चष्मा लाव, डोळे बारीक करून वाचू नकोस. मॅडम एकदा म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी चष्मा नाकावर. मग चहातली साखर गेली. पेन्सिल कानावर चढली. एकदा तर मुंगी शिंकल्यावर नाक पुसायच्या आधी मान जराशी वळवून "माफ करा" म्हणाली, तेव्हा हेही तिकडूनच आलेलं, हे आईला कोणी सांगावं लागलं नाही.

"नऊ महिने पोटात वागवलं मी, कांजिण्यांत रात्री जागले मी, आणि आयत्या बिळावर ही नागोबा!" ती बाबांना म्हणाली.

"नागोबा चावला का पण?"

तेच तर दुखणं होतं. मॅडमना नावं ठेवायला जागाच सापडत नव्हती. मागच्या वर्षी मुंगीनं स्वतंत्र काम करायचं ठरवलं तेव्हा आईला वाटलं, आता बाईचं खरं रूप दिसेल. दिसलं काय, तर मॅडमनी स्वतःहून तिला तीन गिऱ्हाइकं दिली आणि वर स्वतःची खुर्ची पाठवून दिली. उंच पाठीची, चाकांची. आईनंही एक खुर्ची घेऊन ठेवली होती, दुकानात चार खुर्च्यांवर बसून बघून. मुंगीच्या भाड्याच्या खोलीत आता मॅडमच्या खुर्चीवर मुंगी बसे आणि आईच्या खुर्चीवर फायली. आई तिथे गेली की फायली जमिनीवर ठेवायची आणि आपल्या खुर्चीवर ताठ बसायची.

आई एका नर्सिंग कॉलेजात मुख्य लिपिक होती. नोकरीची शेवटची दीड वर्षं उरलेली. त्या कॉलेजची ईमेलची व्यवस्थाही पूर्वी मॅडमच्याच कंपनीनं लावलेली. या वर्षी प्रवेशाची पत्रं एका नव्या सेवेमार्फत एकगठ्ठा पाठवायचं ठरलं, तेव्हा आई प्राचार्यांच्या मागे लागली आणि ते काम तिनं मुंगीला मिळवून दिलं. मुंगीचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. ते नीट झालं, तर प्राचार्यांच्या ओळखीतली आणखी दोन कॉलेजं तिच्याकडे येणार होती. "हे माझ्याकडून," आई स्वतःशी म्हणायची. "खुर्ची नव्हे, काम."

नोंदवहीचा पासवर्ड प्राचार्य बाहेरच्या कोणाला देत नसत. तो आईच्या खणात असे. म्हणून मुंगीनं आईला निरोप पाठवला: "आई, पाठवणाऱ्यांच्या यादीची ओळ आधीच आहे. तिच्यातच, शेवटच्या शब्दाच्या आधी, खाली दिलेले शब्द घाल. नवी ओळ करू नकोस. मोहोर पुढच्या आठवड्यात बसवू, तोवर यादीवर भागेल."

आईनं ती ओळ उघडली. तिच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात मॅडमच्या कंपनीचं नाव होतं, सात वर्षांपूर्वीच्या तारखेसह. आई त्या नावाकडे बघत राहिली. म्हणजे इथेही! माझ्या कॉलेजात, माझ्या लेकीचं काम, आणि ते बसणार मॅडमच्या ओळीच्या पोटात, पोटभाडेकरूसारखं? उद्या कोणी हे पान उघडलं, तर त्याला काय दिसणार? "नवी नोंद" असं लिहिलेलं बटण शेजारीच होतं. आईनं ते दाबलं. मॅडमच्या ओळीखाली स्वतंत्र ओळ टंकली आणि शेऱ्यात मुंगीचं संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग कॉलेजातून स्वतःच्या घरच्या ईमेलवर एक पत्र पाठवून बघितलं. लगेच आलं.

"झालं गं," तिनं फोनवर सांगितलं. "तपासलंसुद्धा. लख्ख पोचतंय."

"कुठे पोचलं?"

"माझ्याकडे."

"तुझ्या पेटीला कॉलेजचा पत्ता ओळखीचा आहे आई, ती घेणारच. संध्याकाळी माझ्या सात पेट्यांवर बघते."

"का? मॅडम म्हणतात म्हणून? आईनं तपासलेलं चालत नाही का तुला?"

मुंगी हसली. "बरं बाई. तू म्हणतेस, तर झालं."

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडमच्या शब्दावर तिचा शब्द चढला होता.

दुसऱ्या दिवशी एकशे साठ उमेदवारांना मुलाखतीची पत्रं गेली. मुलाखतीच्या दिवशी आले चौतीस. व्हरांड्यात मांडलेली बाकं रिकामी. प्राचार्य दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघत आणि घड्याळाकडे पाहून आत जात. दुपारी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. तिचं पत्र स्पॅममध्ये सापडलं होतं, आत्ता, सहज बघताना. मग तसे फोन येतच राहिले.

"त्या मॅडमनंच काहीतरी करून ठेवलेलं असणार," आई घरी येऊन म्हणाली. "जुनी ओळ तिचीच ना!"

"ओळ म्हणजे काय वाळवी आहे, सात वर्षं आतून पोखरायला?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. त्या आईच्या टेबलाशी आल्या, आईच्याच खुर्चीवर बसल्या, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि पान उघडून दोन मिनिटांत म्हणाल्या, "हे बघा. याद्या दोन झाल्यात. एका घराची एकच यादी असावी लागते. दोन दिसल्या, की पत्र घेणारा दोन्ही बाद धरतो. नियमच आहे तसा."

"दोन्ही?" आई पानाकडे वाकली.

"दोन्ही. माझीही गेली, हिचीही." त्यांनी दोन्ही ओळींची एक केली आणि खालची पुसली. मुंगीचं नाव वडिलांच्या नावासकट गेलं. मग त्या परक्या पेट्यांवर चाचणीची पत्रं पाठवत बसल्या. पाठवता पाठवता, मान वर न करता म्हणाल्या, "तिनं प्राचार्यांना लिहून दिलंय, वाचलंत? एकाऐवजी दोन ओळी मी केल्या आणि न तपासता झालं म्हटलं, दोन्ही चुका माझ्या. असं."

"तुम्हाला दाखवलं तिनं?"

"काल आली होती ना माझ्याकडे. दोन तास बसली."

काल. काल मुंगीनं आईला फोनवर सांगितलं होतं, डोकं दुखतंय, लवकर झोपते.

"न तपासल्याचं खरं असेल," मॅडम म्हणाल्या. "पण दोन ओळी ती करायची नाही. आणि शेऱ्यात तिनं स्वतःचं नाव कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. ती फक्त तारीख टाकते." एवढं बोलून त्यांनी आईकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं, तर आईला काहीतरी बोलता आलं असतं. "सोमवारी अकराला कॉलेजच्या समितीची बैठक आहे. काम तिच्याकडून काढून घ्यायचं म्हणतायत, त्या दोन कॉलेजांनाही कळवणार. मी जाणार आहे तिच्यासाठी बोलायला."

"काय सांगणार तुम्ही?"

"सांगेन, मी तिला ओळखते."

शेऱ्यात ती नाव लिहीत नाही, हे आईला माहीत नव्हतं. एवढंसं वाक्य, पण गेले चार दिवस ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून गप्प बसावं तर मुंगी बसलीच होती गप्प, आईच्या वाटचंही. आईला तिनं विचारलंसुद्धा नव्हतं, की असं का केलंस. विचारायला हवं होतं. भांडायला हवं होतं. भांडली असती तर आई रडली असती, मग मुंगी रडली असती, मग चहा झाला असता. त्याऐवजी ती उठून मॅडमकडे गेली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आईनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"मग उद्या मॅडम बोलतायत ना," ते शेवटी म्हणाले. "भली बाई आहे. निभावून नेईल. तू यात कशाला पडतेस? दीड वर्ष राहिलंय तुझं. प्राचार्य काय म्हणतील, मुख्य लिपिकानं मुद्दाम..."

"मुद्दामच केलं मी."

"हळू बोल."

"कशाला हळू? निरोपात लिहिलं होतं तिनं, नवी ओळ करू नकोस. तो निरोप आहे माझ्याकडे. तारीख, वेळ, सगळं. समितीला दाखवायला तोच लागेल. आत्ताच प्राचार्यांना फोन करून सांगते. मॅडमच्या ओळखीला काय करायचंय?"

"म्हणजे पोरीच्या चांगल्यासाठी फोन करतेस, की मॅडमच्या आधी पोचायला?"

आईनं फोन हातात घेतला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. उद्या अकरा वाजता मॅडम त्या खोलीत उभ्या राहतील, चार वाक्यं बोलतील आणि मुंगीला यातून बाहेर काढतील. मुंगी त्यांचे आभार मानेल, तसाच तो चष्मा सावरत. आणि आई बाहेर टेबलाशी हजेरीपट बघत बसलेली असेल. बुडवलं मी आणि काढणार त्या? हे तिला मरेपर्यंत सोसलं नसतं. आत कुठेतरी आणखी एक गोष्ट होती. त्या खोलीत मॅडम काहीही बोलल्या, तरी दोन ओळी मुंगीनंच केल्या, हे कागदावर तसंच राहणार होतं. ते खोडू शकणारं माणूस एकच होतं.

तिनं फोनमधला तो निरोप पुन्हा एकदा वाचला, तो आहे ना याची खात्री केली आणि प्राचार्यांचा नंबर काढला.

"अगं, ते दोन ते चार झोपतात रविवारी," बाबा म्हणाले. "चारला कर."

घड्याळात अडीच वाजत होते.

"उठतील," आई म्हणाली आणि तिनं नंबर दाबला.