कौसाच्या वाटणीचं धान्य

तात्यानं आणि मी शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे गव्हाच्या गोण्यांची थप्पी लावणं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. मग दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "मोतीबिंदू गेला की दाजी, तुमचं थोबाड नीट दिसंल. मग ठरवतो, सोयरीक ठिवायची का मोडायची," म्हणाला. मी हसलो. त्याच्यासोबत हसलो ते तेवढंच शेवटचं.

तात्या आमच्या वस्तीचा रेशन दुकानदार. वस्ती भोसरीच्या कंपन्यांच्या मागं. तो इथल्या गावचा, आम्ही बीडकडून पोटासाठी आलेलो. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकी जन्म प्रेसवर पत्रा दाबण्यात गेला. माझी बायको कौसा त्याला दर भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून मी त्याचा दाजी.

अन्नसुरक्षेचा कायदा आला आणि कार्डावर घरातल्या मोठ्या बाईचं नाव पहिलं लागलं. तात्याला त्याचं भारी कौतुक. रांगेत बाप्या दिसला की ओरडायचा, "कुटुंबप्रमुख कुठायत? तुमी कोण, त्यांचं मालक? मालकाला हितं कुणी इचारत न्हाई!" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी घरी येऊन कौसाला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. आता चहा ठेवा."

बांधकामावरची नवी बाई आली की पिशवी पदराआड लपवून उभी राहायची. तिला तात्या सांगायचा, "हात पसरू नगंस बाई, पिशवी पसर. भीक न्हाई, कायद्यानं तुजं हाय." ती बाई मग पुढच्या महिन्यात ताठ यायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुकानदारावर नजर ठेवायला कायद्यानं दक्षता समिती असते. कौसाला तिच्यात जायला तात्यानंच भरीला घातलं. आपल्यावरचा पहारेकरी आपणच शोधून आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाडी आली की कौसा गोणीत कोपरापर्यंत हात घालायची, दाणा दाताखाली फोडायची. एकदा ओला गहू आला.

"परत पाठव," ती म्हणाली.

"आक्का, गाडीवाला शिव्या घालंल."

"घालू दे. तू माझा भाऊ का गाडीवाल्याचा?"

गाडी परत गेली. पुढं कितीतरी दिवस तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माज्या बहिणीफुडं सायेब बी उभा ऱ्हायचा न्हाई."

गेल्या वर्षी कौसा गेली. तात्यानं खांदा दिला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सासरहून आलेल्या पोरीनं सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. मग तात्या पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आक्का, दाजीला मी उपाशी ठिवणार न्हाई." कावळा शिवला. घाटावरची सगळी माणसं रडली.

तेराव्यानंतर त्यानं माझ्याकडून मयताचा दाखला मागून घेतला. "कार्डावरचं नाव कमी कराया रेशनच्या परिमंडळ हापिसात हेलपाटं घालावं लागत्यात. तुमी नगा जाऊ. मी करतो." मी दिला. तेव्हापासून दर महिन्याला दुकानातल्या मशीनवर अंगठा लावायचो आणि एका माणसाचं पाच किलो घेऊन यायचो. मेव्हण्याकडं पावती कोण मागतो?

तर डोळ्याच्या ऑपरेशनमुळं काट्यावर त्याची बायको बसलेली. मी अंगठा लावला. तिनं पिशवीत धान्य घातलं आणि परत मोजायला घेतलं.

"वैनी, झालं की माझं."

"आवं दाजी, दोन माणसांचं धा किलो हाय तुमचं. मशीन खोटं बोलतंय व्हय? आन् पिशवी बी एवढीशी आणलीया!"

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. हात तसाच गोणीत राहिला. रांगेतली मागची बाई आमच्या दोघांकडं बघत होती.

पिशवी तिथंच टाकून मी तात्याच्या घरी गेलो. काळा चष्मा लावून तो कॉटवर पडला होता.

"तात्या, कौसाचं नाव अजून कार्डावर आहे."

"पुसाया हात धजला न्हाई, दाजी."

"मग तिच्या वाटणीचं कुठं गेलं?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाला, "समदेच करत्यात. निस्त्या कमिशनवर दुकान चालतंय व्हय? आन् मेलेल्या माणसाला काय लागतंय?"

"तिच्या नावावर चोरी केलीस. तिच्या!"

"मी तुमाला उपाशी ठिवलं का?"

मी उठलो आणि निघालो. दुकानातून मागोमाग आलेली वैनी दारात आडवी आली, चहा घ्या म्हणाली. तिच्याही तोंडाकडं मला बघवलं नाही.

एखाद्या हरामखोरानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण 'पिशवी पसर' म्हणताना तात्या खरंच बोलत होता, हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. खांदा दिला तोही खरा, डोळ्यांतलं पाणीही खरं. आणि त्याच हातानं महिन्याच्या महिन्याला माझ्या बायकोच्या नावाचं धान्य विकलं. हे दोन्ही एका माणसात कसं मावतं, मला समजत नाही. कौसाला विचारलं असतं. ती नाही.

रात्री काही शिजवलं नाही. सकाळी दाखल्याची दुसरी प्रत घेऊन परिमंडळ कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी कौसाचं नाव कमी केलं. मग मी तक्रार सांगितली, त्यांनी लिहून घेतली.

"दुकानदाराशी काही नातं?"

"मेव्हणा."

त्यांचा हात थांबला. "आजोबा, घरातलंच माणूस आहे. ठेवायची का तक्रार?"

"ठेवा," मी म्हणालो.